निळा धूर आणि ऑइलचा हिशेब

समजा, मानोऱ्यातील एका अडत-व्यापाऱ्याच्या अंगणात एक जुनी मारुती ८०० उभी आहे. घरात नवी, मोठी गाडी आलेली असली तरी दुकान ते बाजार, बाजार ते बँक आणि महिन्या-दोन महिन्यांतून आईला शिरपूरच्या दर्शनाला नेणे, ही कामे अजून तिच्याकडेच आहेत. गेल्या काही महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू होताच सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघतो आणि ऑइलची पट्टी दर वेळी थोडी खालीच दिसते. गॅरेजमधील मिस्त्री एक्सलरेटर दोनदा दाबून सांगतात, ‘‘शेठजी, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागते.’’ मुलगा म्हणतो, ‘‘बाबूजी, इतका खर्च करण्यापेक्षा विकून टाकू.’’ आणि आई विचारते, ‘‘मग शिरपूरला कोणत्या गाडीने जायचे?’’

हा प्रसंग अनेक घरांच्या ओळखीचा आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिची सर्वांत शेवटची गाडीही आज दहा वर्षांपेक्षा जुनी आहे. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधी या भागात घेतलेल्या गाड्यांवर अकोल्याचाच क्रमांक असे. अशा जुन्या गाडीने धूर सोडला की ‘बोअरिंग’ हा एकच शब्द कानी पडतो. तो निर्णय कधी बरोबर असतो, कधी नसतो. परंतु ज्या व्यापाऱ्याने आयुष्यात वजन-काट्याशिवाय माल घेतला नाही, त्याने पाच मिनिटांच्या धुरावर इंजिन उघडण्यास होकार द्यावा, हे त्याच्याच रीतीला धरून नाही. होकारापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: धुराचा रंग, धुराची वेळ आणि ऑइलचा हिशेब.

रंग काय सांगतो?

थंडीच्या सकाळी दिसणारा पातळ पांढरा धूर बहुधा धूर नसतोच. ती वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. गार सायलेन्सरमध्ये ते दिसू लागते आणि इंजिन तापले की दिसेनासे होते. त्याची चिंता करू नये. मात्र इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालू राहिला, त्याला गोडसर वास आला आणि रेडिएटरच्या टाकीतील कूलंट वरचेवर कमी होऊ लागले, तर हेड गॅसकेटमधून पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याचा संभव असतो. अशी गाडी चालवत राहू नये. आणि रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. आपल्याकडे याचे कारण अनेकदा अगदी साधे असते. सोयाबीनच्या मळणीचे दिवस, जिनिंगच्या आवारातील कापसाची धूळ, कच्च्या रस्त्यांची माती यांमुळे एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधी चोंदतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक अडकून राहिला तरी हेच होते. प्रथम फिल्टर काढून उजेडात धरावा. त्यासाठी पानाही क्वचितच लागतो.

निळा किंवा निळसर-राखाडी धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण आहे. जळक्या तेलाच्या वासाने तो लगेच ओळखू येतो. परंतु निळा रंग एवढेच सांगतो की ऑइल जळते. ते सिलिंडरमध्ये कोणत्या वाटेने आले, हे रंगावरून समजत नाही.

वेळ काय सांगते?

ऑइलला सिलिंडरमध्ये शिरण्याच्या मुख्य वाटा दोन. एक वरून, व्हॉल्व्हच्या दांड्याशेजारून. तेथे रबराचे छोटे व्हॉल्व्ह सील असतात. दुसरी खालून, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधून. या दोन वाटांच्या दुरुस्तीखर्चात मोठे अंतर आहे आणि दोन्हींच्या धुराच्या वेळाही निराळ्या आहेत.

रात्रभर उभ्या गाडीत वरचे ऑइल कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब खाली उतरते. सकाळी इंजिन सुरू होताच ते जळते, एक लोट निघतो आणि थोड्या वेळात धूर विरतो. उतारावर गाडी गिअरमध्ये असताना एक्सलरेटरवरून पाय काढला की आत येणाऱ्या हवेची वाट जवळजवळ बंद होते, ओढ वाढते आणि तीच ओढ सीलमधून ऑइल खेचते; खाली पोहोचून पुन्हा एक्सलरेटर दाबताच मागे निळा धूर दिसतो. सिग्नलवर किंवा फाटकापाशी बराच वेळ इंजिन चालू ठेवून निघताना धूर आला, तरी संशय सीलवरच घ्यावा. रबर वयानेही कडक होते. त्यामुळे कमी फिरलेल्या, जपून ठेवलेल्या गाडीतही हा दोष आढळतो.

याउलट चढावर, भरल्या गाडीत, जोर लागत असताना धूर वाढत असेल आणि गाडीची ओढ कमी झाली असेल, तर रिंगा आणि बोअर यांच्याकडे पाहावे लागते. चालू इंजिनचे ऑइल भरण्याचे झाकण सैल केले असता धक्के देत जोराने वाफ बाहेर येते. त्यालाच मिस्त्री ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. मात्र इंजिनमधील वाफ बाहेर काढणारी नळी किंवा तिचा व्हॉल्व्ह चोंदला असेल तरीही आत दाब वाढतो आणि ऑइल जळू लागते. हा भाग स्वस्त असतो, म्हणून तो आधी साफ करून पाहावा. पट्टीवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरले गेले असेल तर तेही आधी कमी करावे.

हे पाहण्यासाठी दोन माणसे लागतात: एक चालवणारा, दुसरा मागून दुसऱ्या वाहनाने येणारा. इंजिन चालू ठेवून पाहणी करायची ती उघड्यावर. बंद शेडमध्ये साचणाऱ्या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि तो प्राणघातक असतो.

डिझेल गाडीबाबत एक इशारा आवश्यक आहे. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत निळा धूर टर्बोच्या सीलमुळेही येतो. ऑइल फार प्रमाणात आत जाऊ लागले तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावू लागते आणि चावी काढूनही बंद होत नाही. त्या वेळी साध्या गिअरच्या गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. इंजिनजवळ वाकू नये. म्हणून अशा गाडीत दाट निळा धूर दिसू लागला की दुरुस्ती पुढे ढकलू नये.

ऑइलचा हिशेब

दुकानात रोजकीर्द जशी लिहिली जाते, तशी गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही असावी. सपाट जागेवर, सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पट्टी पुसून पाहावी. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढे दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी पट्टी पाहावी. घालावे लागेल ते ऑइल मापाच्या बाटलीनेच घालावे आणि लिहून ठेवावे. हजार किलोमीटर पूर्ण झाले की बेरीज करावी. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर, तर काहींत त्याहूनही अधिक ऑइल चालण्यासारखे मानलेले असते. आपल्या गाडीची पुस्तिका काय म्हणते ते पाहावे.

रात्री गाडीखाली एक कोरा पुठ्ठाही पसरावा. सकाळी त्यावर डाग असतील, तर सगळे ऑइल जळत नाही, काही गळते आहे. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर किंवा ड्रेन प्लग यांची गळती बोअरिंगने बंद होत नाही.

आता त्या अडत-व्यापाऱ्याच्या घरी परत येऊ. महिनाभर वही लिहिली. धूर सकाळी आणि उतारानंतरच दिसतो, चढावर दिसत नाही. पुठ्ठा कोरा आहे. हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल लागले. वर्षाला सहा हजार किलोमीटर धरले तर दीड लिटर. लिटरला चारशे रुपये मानले तर वर्षाचे सहाशे रुपये. आता मिस्त्रींकडे जाऊन एकच विनंती करायची: इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजून द्या. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली नसावा. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटचा. वही पाहून अनुभवी मिस्त्रीही पुन्हा विचार करतात. कारण त्यांच्यापुढे आता तक्रारीबरोबर पुरावाही असतो. येथे तिन्ही आकडे सारखे आले, तर काम व्हॉल्व्ह सीलचे आहे. काही इंजिनांत ते हेड न उतरवताही होते.

हिशेब उलटही निघू शकतो. रिंगा खरोखर झिजल्या असतील, तर मिस्त्रींचे म्हणणे मान्य करावे. सहाशे रुपयांकडे पाहून धूर तसाच सोडत राहणेही बरोबर नाही. ऑइलने प्लग काजळतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो आणि तो धूर शेवटी मागच्या दुचाकीवरील माणसाच्या छातीत जातो. त्याचा खर्च आपल्या वहीत दिसत नाही, एवढेच. शिवाय पट्टी न पाहता जुन्या गाडीने लांब निघाल्यास, उन्हाळ्याच्या दुपारी भर रस्त्यात इंजिन जाम होऊन घरची वयस्कर माणसे अडकून पडण्याचा धोका असतो.

विकण्याचे ठरले तर

जाड ऑइल किंवा बाटलीतील दाट रसायन टाकून काही दिवस धूर दाबता येतो, हे बाजारात सर्वांना ठाऊक आहे. गाडी पाहायला येणारा बहुधा ओळखीचाच असतो. तालुक्याच्या गावातील एखादा शिक्षक किंवा पहिली गाडी घेणारा शेतकरी. महिन्याभरात धूर परत येतो आणि त्या धुरामागे विकणाऱ्याचे नाव असते. ज्याच्या शब्दावर लोक वर्षानुवर्षे माल सोडून जातात, त्याने चार पैशांसाठी ही पत मोडू नये.

गाडी विकताना ती छोटी वही चावीबरोबर द्यावी. किंमत थोडी कमी येईल. घेणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवसापासून ठाऊक असेल की सकाळी धूर का येतो, हजार किलोमीटरला किती ऑइल लागते आणि पट्टी कोणत्या वारी पाहायची.