साथीची महामारी कशानें होते?

रोग जितका भयंकर, तितका तो जगभर पसरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. आमच्या मतें ती चुकीची आहे. रोग्यास तत्काळ अंथरुणास खिळविणारा रोग बहुधा गांवच्या वेशींतच अडतो. पण जो माणसास आपण आजारी आहों हें कळूंहि न देतां आगगाडींत नि विमानांत बसूं देतो, त्याची धास्ती अधिक.

२००२ सालच्या अखेरीस दक्षिण चीनमध्यें सार्स हा फुप्फुसांचा रोग उद्भवला. तेथील अधिकाऱ्यांनीं वाच्यता न केल्यामुळें मोलाचे महिने फुकट गेले. फेब्रुवारी २००३ मध्यें त्या प्रांतांतील एक डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलांत उतरला. तेथून इतर प्रवाशांनीं तो रोग सिंगापूर, हनोई व टोरोंटोस नेला. तरीहि सुमारें आठ हजार रोगी व ७७४ मृत्यू एवढ्यावर जुलै २००३ मध्यें ती साथ आटोपली. कां बरें? सार्सचा रोगी दुसऱ्यास बाधतो तो बहुतकरून तापानें फणफणूं लागल्यावर. म्हणून तो ओळखतां व निराळा ठेवतां आला. कोविडचा विषाणु त्याचाच भाऊबंद, आणि मारकशक्तीनें पुष्कळ कमी. परंतु लक्षणें दिसण्यापूर्वींच तो दुसऱ्यास गांठतो. ११ मार्च २०२० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास महामारी म्हटलें, तेव्हां शंभरांहून अधिक देशांत तो पोहोंचलेला होता.

दुसरें कारण मनुष्यकृत आहे, आणि आमच्या व्यापारी स्नेह्यांस तें रुचणार नाहीं. १८९४ मध्यें हाँगकाँगांत माजलेला प्लेग १८९६ मध्यें मुंबईस, मांडवींतील वखारींच्या वस्तींत प्रकटला, डॉ. व्हिएगस यांनीं तो ओळखला. उंदीर आणि पिसवा यांस जहाजाचें भाडें पडत नाहीं! पुढें लाखों भयभीत माणसें शहर सोडून निघालीं, आणि लवकरच पुणेंहि रोगाच्या तावडींत सांपडलें. बंदरावर क्वारंटाइन बसेल या भीतीनें जो बातमी दाबतो, तो चार दिवसांचा नफा वांचवून वर्षाचा हंगाम घालवितो.

सरकारहि याहून शहाणें ठरलें नाहीं. १८९७ चा साथरोग कायदा मूळचा अवघा चार कलमांचा. सरकारास हवे ते नियम करण्याची मुभा, ते मोडणारास शिक्षा, आणि सद्हेतूनें वागणाऱ्या अधिकाऱ्यांस दाव्यापासून अभय, एवढाच त्याचा ऐवज. साथीची खबर लोकांस विनाविलंब द्यावी, असें सरकारास बांधून घेणारें कलम त्यांत नव्हतें. २०२० मध्यें दुरुस्ती झाली ती मुख्यत्वें वैद्यकसेवकांवर हात टाकणारांस शासन करण्याकरितां; ती योग्यच होती. खबरीचें कलम मात्र तेव्हांहि आलें नाहीं.