भाषाशास्त्र शिकून काय करणार ?

आमच्या भंडारा जिल्ह्यांत परीक्षांचे निकाल लागले कीं सुशिक्षित घरांतून एकच चर्चा चालते : अभियांत्रिकी कीं वैद्यकी, आणि तें न साधल्यास बँक कीं स्पर्धापरीक्षा. अशा घरांतील एखाद्या मुलीनें "मला भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठीं विद्यापीठाकडे अर्ज करावयाचा आहे" असें म्हटलें, तर पुढें काय होतें हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. महाविद्यालयांत शिकवीत असल्यामुळें अशा विद्यार्थिनी आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे पालक आमच्याकडे येतात. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, हें शिकून काय करणार ?" त्याचें उत्तर आम्ही येथें जाहीरपणें देऊं इच्छितों, आणि या प्रश्नाच्या मुळाशीं पोटापाण्याची काळजी भासते तितकी नसून दुसरेंच कांहीं दडलेलें आहे, हेंहि दाखवूं इच्छितों.

प्रथम हें शास्त्र काय आहे तें पाहूं. दहा भाषा घडाघडा बोलावयास शिकणें म्हणजे भाषाशास्त्र, अशी एक समजूत आहे. शुद्धलेखनाचे नियम पाठ करणें म्हणजे भाषाशास्त्र, अशी दुसरी. दोन्ही सारख्याच चुकीच्या. माणसें प्रत्यक्ष जें बोलतात त्यामागील नियम शोधणें हें या शास्त्राचें काम. उदाहरणासाठीं दूर जावयास नको. 'डोळा' हा शब्द घ्या. वऱ्हाडांत तो 'डोया' होतो. आमच्या वैनगंगेकांठच्या झाडीबोलींत 'डोरा' होतो. 'काळा' तिकडे 'काया', इकडे 'कारा'. झाडीबोलींत ळ नाहीं आणि ण-हि नाहीं. म्हणून 'पाणी' हें 'पानी'. आमचा सुशिक्षित वर्ग या सर्वाला एकच नांव देतो : अशुद्ध. शाळेंत त्याबद्दल मुलाला हंसतात, घरीं त्याला दटावतात, आणि पाहुण्यांसमोर आजी बोलूं लागली कीं घरचीं माणसें अवघडून जातात.

परंतु चूक एखाद्या माणसाची होते; सारा मुलूख पिढ्यान् पिढ्या शब्दामागून शब्दांत एकाच रीतीनें बोलतो, तेव्हां ती चूक नसून नियम असतो. संस्कृतांतील 'पितृ' आणि 'पाद' यांच्या जागीं इंग्रजींत 'फादर' आणि 'फूट' हे शब्द आहेत. प च्या जागीं फ येणें हा नियमबद्ध बदल आहे, हें याकोब ग्रिम या जर्मन पंडितानें १८२२ सालीं मांडलें, आणि त्या नियमाला त्याचें नांव मिळालें. इंग्रजांच्या पूर्वजांना प म्हणतां येत नव्हता, ते गांवंढळ होते, असें कोणी म्हणत नाहीं. मग 'डोरा' म्हणणारी आमची आजीच तेवढी गांवंढळ कां ?

आतां या जिल्ह्यांत अभ्यासाला विषय किती आहेत ते पाहा. 'डोया' कोणत्या गांवीं संपतो आणि 'डोरा' कोणत्या गांवीं सुरू होतो ? त्या सीमेवरच्या एकाच घरांत दोन्ही रूपें नांदतात काय ? "पाऊस येऊन राहिला" या आमच्या नेहमींच्या वाक्यास पुण्याकडील लोक हंसतात. पण चालू क्रिया दाखविण्याची ही रचना हिंदीच्या सहवासानें आली कीं येथेंच वाढली, हा गंभीर प्रश्न आहे. बांधी, धुरा, पऱ्हे, रोवणी, बोडी हे धानाचे आणि तलावांचे शब्द कोहळी, कुणबी, पोवार यांच्या तोंडीं सारखेच आहेत कीं वेगळे ? शेजारींच गोंडी आहे. ती द्राविड कुळांतील, तेलुगूची नातलग. १९७१ किंवा १९८१ चें सोडा, २०११ च्या जनगणनेंतहि देशांत तिचे भाषक तीस लाखांच्या घरांत भरले. मराठी, हिंदी आणि गोंडी यांची शतकानुशतकें गांठ पडलेला असा प्रदेश पंडितांना शोधावा लागतो. आम्ही त्यांत जन्मलों आणि त्याची लाज बाळगली.

इतरांनीं येऊन हें काम केलें असतें, असें कोणी म्हणेल. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ सालीं निघाला; पण ती सामग्री मुख्यतः जिल्ह्याजिल्ह्यांतील सरकारी अधिकाऱ्यांमार्फत, एका ठराविक बायबलकथेचीं भाषांतरें मागवून, गोळा केलेली होती. पुढें १९६० नंतरच्या दशकांत डॉ. अ. मा. घाटगे यांनीं मराठी बोलींच्या पाहणीची मोलाची पुस्तकमाला काढली. त्यांतील कुडाळी, काणकोणची कोंकणी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली हीं पुस्तकें किनारपट्टीचीं आहेत. झाडीबोलीच्या अभ्यासाचा पाया साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनीं घातला, म्हणजे येथल्याच माणसानें. यावरून जो बोध घ्यावयाचा तो उघड आहे.

राहिला उदरनिर्वाहाचा प्रश्न. या विषयांत प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत, हें आम्ही लपवीत नाहीं. पण प्राध्यापकांच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेंत हा स्वतंत्र विषय आहे. म्हैसूरला १९६९ पासून केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे. कोशकार्य, भाषांतर, वाचादोषांवरील उपचार यांना हा अभ्यास उपयोगी पडतो. आणि आतां तर यंत्रें माणसाचें बोलणें ऐकूं लागलीं आहेत. केंद्र सरकारची 'भाषिणी' ही योजना २०२२ सालीं याच कामासाठीं सुरू झाली. उद्यां लाखांदूरच्या शेतकऱ्यानें अशा यंत्रापुढें "डोरा दुखून राहिला" म्हटलें आणि यंत्रानें 'दोरा' ऐकला, तर औषध कशावर मिळणार ? यंत्राला आमची बोली शिकविणारा माणूस अभियंत्याइतकाच लागेल. मराठीचें एम्. ए. त्यासाठीं पुरेसें आहे, असें म्हणणाऱ्यांस आमचें सांगणें कीं, साहित्याच्या अभ्यासक्रमांतील एखाद्या प्रश्नपत्रिकेनें हें शास्त्र येत नाहीं.

खरें असें आहे कीं, भाकरीची चिंता हें वरचें कारण. मुलीनें आजीची बोली अभ्यासाचा विषय करावा, म्हणजे आपण ती बोलत होतों हें चारचौघांत कबूल करावें, हें आमच्या वर्गास सोसत नाहीं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात दर्जा मिळाला तेव्हां याच वर्गानें पेढे वांटले. दोन हजार वर्षांमागच्या प्राकृताचा अभिमान, आणि चुलीजवळच्या मराठीची शरम ! असा अभिमान फुकटचा होय.

म्हणून अर्ज करणाऱ्यांस आमचें सांगणें : पुण्याचें डेक्कन कॉलेज १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हां उघडलें, तेव्हांपासून तें या शास्त्राचें माहेरघर आहे, मुंबई आणि नागपूर विद्यापीठांतहि विभाग आहेत. अर्जांत वा मुलाखतींत "मला भाषांची आवड आहे" असें लिहूं अथवा बोलूं नका. तें सर्वच म्हणतात. आपल्या गांवीं ऐकलेले 'ळ' चे पंचवीस शब्द लिहा, कोण काय बोलतो तें टिपा, आणि त्यांतून तुम्हांस पडलेला एक प्रश्न मांडा. तें भांडवल मोठ्या शहरांतील उमेदवारापाशीं नाहीं.

आणि पालकांस : मुलीला अडवूं नका. ती शिकून येईल तेव्हां ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन प्रथम आजीजवळ बसेल. त्या वेळीं आजी बोलावयास असली पाहिजे. घाई आहे ती एवढ्याचसाठीं.