गावकीचा हिशेब आणि एन्रॉनचा

शिमगा आटोपला, पालखी देवळात परतली, की कोकणातल्या गावांत गावकी बसते आणि हिशेब वाचला जातो. देणगी किती जमली, मांडवाला किती गेले, लिलावातला नारळ कितीला सुटला, सारे मोठ्याने. दहा रुपयांचा मेळ बसला नाही तर बैठक उठत नाही. चाकरमानी मुंबईची गाडी चुकवील, पण हिशेब सोडणार नाही. हीच माणसे राजकीय सभेत मात्र नुसती श्रोते होतात. असे का व्हावे, हा प्रश्न वेळणेश्वरला भरलेल्या एका सभेने पुन्हा समोर आणला.

सभेला बाहेरच्या जिल्ह्यातले एक आमदार आले होते. विषय उमदा होता: नेत्यांना जाब विचारा. पाच वर्षांनी नव्हे, रोज विचारा, असे ते म्हणाले. ते मनापासून बोलत असावेत. टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मागे बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, ‘साहेब, मग एन्रॉनचा जाब आम्ही कुणाला विचारायचा?’ सभेत हशा पिकला. आमदारही हसले. म्हणाले, ‘आजोबा, ते आता फार जुनं झालं.’

प्रश्न अस्थानी नव्हता. वेळणेश्वरहून गुहागर ओलांडून उत्तरेला गेले की वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेल लागते. तो प्रकल्प तिथे उभा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. १९९५ च्या निवडणुकीत युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली आणि सत्ता मिळवली. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द झाल्याचे जाहीर केले. पुढच्या जानेवारीत वाटाघाटी होऊन तोच प्रकल्प परत आला, आणि धाकटा होऊन नव्हे. पहिल्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता, नव्या करारात तोही पक्का झाला आणि एकूण क्षमता २,१८४ मेगावॉट ठरली. विरोध करणाऱ्या वेलदूरच्या बायाबापड्यांनी जून १९९७ मध्ये पोलिसांचा मार खाल्ला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. मे २००१ मध्ये, दर परवडत नाही म्हणून, मंडळाने ती घेणे थांबवले. त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले.

करार करणारे वेगळे, मोडणारे वेगळे, आणि मोडून पुन्हा जोडणारे तेच. यात जबाबदार कोण, हा प्रश्न न्यायालयातही गेला होता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांचे अपील एकाच मर्यादित मुद्द्यावर ऐकायचे ठरवले. तो मुद्दा होता राज्य सरकारच्या उत्तरदायित्वाचा. एप्रिल २०१९ मध्ये, इतका काळ लोटल्यावर आता पुढे जाणे उचित नाही, असे म्हणून ते प्रकरण बंद झाले. म्हणजे वेळणेश्वरच्या आजोबांना जे उत्तर मिळाले, तेच देशाला मिळाले होते.

आपल्याकडे जबाबदारी कुणी सहसा नाकारत नाही. ती जुनी होऊ दिली जाते. चौकशी नेमायची, अहवाल मागवायचा, तारीख घ्यायची, तोवर मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, विचारणाराही थकतो. निवडणूक हाच हिशेब, असे यावर सांगितले जाते. मतदानाने माणूस बदलतो हे खरे, पण हिशेब वाचला जात नाही. १९९५ मध्ये लोकांनी सरकार बदलले, करार मात्र फिरून दाराशी आला.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला हे ‘जुनं होणं’ चांगले परिचयाचे आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. ती उलटली की कर्जदार निवांत. म्हणून शाखेत आम्ही मुदत संपण्याआधी कर्जदाराकडून कर्जकबुलीच्या कागदावर सही घेत असू. ‘अमुक रक्कम मी देणे लागतो,’ एवढेच त्यात लिहिलेले, पण सही झाली की मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजायची. तोंडी ‘देतो हो साहेब’ म्हणणाऱ्याच्या शब्दाला कायद्यात किंमत नाही. कित्येक सज्जन कर्जदार तोंडी कबुली द्यायला एका पायावर तयार असत, सहीच्या वेळी मात्र त्यांचा चष्मा हरवे.

सभेतली आश्वासने ही तोंडी कबुली आहे. जाब विचारा, असे सांगणाऱ्या पुढाऱ्याकडे म्हणून एकच मागणी करावी: लिहून द्या. रस्ता, पाणी, रुग्णालयातला डॉक्टर, जे कबूल केले ते, तारखेसह, सहीनिशी. ते ग्रामसभेत वाचावे, इतिवृत्तात नोंदवावे आणि दर वर्षी पुन्हा विचारून नवी सही घ्यावी. सरकारी कागद पाहायला २००५ पासून माहितीचा अधिकार आहेच. ग्रामसभेच्या नोंदीने आमदार कायद्याने बांधला जाणार नाही, हे मान्य. पण पुढच्या सभेत ‘ते जुनं झालं’ म्हणायची त्याची सोय जाईल. मुदत संपू द्यायची की नाही, हे अखेर धनकोच्या हाती असते, आणि इथे धनको आपण आहोत.