किल्ली कोणाकडे?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या घरी पोचलो, की आमच्याकडे पहिला प्रश्न गणपतीचा नसतो, किल्लीचा असतो. घर चार भावांचे. मागच्या माडबागेच्या सातबाऱ्यावर नावे १७. आणि मागल्या दाराच्या किल्ल्या किती, कोणाकोणाकडे, हे छातीला हात लावून सांगणारा मनुष्य आमच्या कुळात अजून जन्मायचा आहे.

यंदा हाच प्रश्न घेऊन आमचा पुतण्या पडवीत लॅपटॉपपुढे बसला होता. तो आणि त्याचे दोन वर्गमित्र किनाऱ्यावरच्या होम-स्टेवाल्यांसाठी खोल्यांच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम लिहितात. तिघांनी लिहिलेले सारे गिटहबवरच्या एका सामाईक कोठारात जमा होते. त्याला ही मुले 'रेपो' म्हणतात. वैशाखात तिघांपैकी एकजण नोकरीसाठी पुण्याला गेला. त्याला जेवण घातले, गाडीत बसवून दिले. कोठाराची परवानगी काढून घ्यायची तेवढी राहिली. श्रावणात त्याने जुना संगणक आवरताना आपल्याकडची शिळी प्रत कोठारात जबरीने ढकलली आणि या दोघांचे आठ दिवसांचे काम दिसेनासे झाले. पोराच्या मनात वाईट काही नव्हते. सुदैव एवढेच, की लिनस टॉरवाल्ड्स याने २००५ साली रचलेल्या 'गिट' या पद्धतीत प्रत्येकाच्या संगणकावर कोठाराची इतिहासासकट प्रत असते. पुतण्याच्या लॅपटॉपवरून सगळे परत आले.

"मग आता त्याचे नाव काढ," मी म्हटले.

"काका, पाचवीपासूनचा मित्र आहे तो. काय वाटेल त्याला?"

वाचकहो, खरी अडचण ही! संगणकाला काही वाटत नाही, माणसांना वाटते. आपल्याकडे किल्ली कामावरून देत नाहीत, नात्यावरून देतात. म्हणून ती परत मागणे म्हणजे नाते तोडणे होऊन बसते.

आमची आते नारळ सोलत होती. तिला रेपो म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण घर ठाऊक आहे. ती म्हणाली, "जो घरात रवता, तेच्याकडे किल्ली. सातबाऱ्यार नाव आसा म्हणान किल्ली गावत नाय."

आते सातबाऱ्याचे नाव काढून गेली आणि मला वाटले, ज्याला आपण आयुष्यभर शिव्या देतो त्या कागदात या पोरांना हवे ते सगळे आहे. सातबारा कोणीही पाहू शकतो. त्यात लिहू मात्र कोणीही शकत नाही. फेरफाराची नोंद तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) धरतो. हितसंबंध असणाऱ्यांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. गेलेल्या माणसाचे नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करतात; त्याच्या वेळी काय झाले ते मागल्या फेरफारात वाचता येते. कंस झाला म्हणून कोणी कुळातून उठत नाही. (तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात, तो विषय निराळा. त्याला एक दिवाळी अंक पुरायचा नाही.)

भिडेखातर किंवा थकून किल्ली दिली तर काय होते, त्याचा दाखला जगात ताजा आहे. एक्सझेड नावाची, फायली आवळून लहान करणारी एक फुकट सामग्री असंख्य लिनक्स संगणकांवर असते. ती सांभाळणारा मुख्यतः एकटा, लासे कॉलिन. 'जिया टॅन' नाव सांगणारा कोणी २०२१ पासून गोडीगुलाबीने मदत करीत राहिला, विश्वासातला झाला, प्रकाशनाचे अधिकार मिळवून बसला आणि २०२४ च्या आरंभी त्याने आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा संशय आला म्हणून मार्चअखेर तो उघडकीस आला. अर्धा सेकंद! आमच्याकडे मागले दार रात्रभर सताड उघडे असते तरी कोणाला पत्ता नसतो.

तर पुतण्याने काय केले ते सांगतो. कोठार त्याच्या स्वतःच्या खात्यावर होते. तिथे मालक आणि सहकारी एवढेच भेद, आणि सहकारी म्हटला की लिहिण्याची मुभा आलीच. ते त्याने संस्थेच्या खात्यावर नेले. तिथे नुसते वाचणाऱ्यापासून पूर्ण कारभाऱ्यापर्यंत पाच पायऱ्या आहेत. मुख्य शाखेला जबरी ढकलण्याची बंदी केली, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने पाहिल्याशिवाय त्यात जाणार नाही असे ठरवले. मालक मात्र दोघे ठेवले, कारण एकच किल्ली आणि तीही तापाने फणफणलेल्या माणसाच्या उशाखाली, म्हणजे घर असून नसल्यासारखे. दर चतुर्थीला नावांची यादी वाचायची, असेही ठरले.

मग पुण्याला फोन केला. पलीकडे जरा वेळ कोणी बोलेना. शेवटी मित्र म्हणाला, "वाचायला तरी ठेवशील?"

पुतण्याने ठेवले. धंद्याची वही बाहेरच्याला वाचायला मी दिली नसती. पण किल्ली त्यांची, घर त्यांचे.

आमच्या मागल्या दाराचे कुलूप या दिवाळीत बदलायचे ठरले आहे. कुलूप आणून ठेवले आहे. ते लावायचे कोणी आणि नवी किल्ली कोणाकडे, यावर चारी घरांतून पत्रव्यवहार चालू आहे.