चोरलच्या काठची छोटी गाडी

इंदूरजवळच्या महूहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज रेल्वे आता जवळजवळ इतिहासजमा झाली आहे. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०२३च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड ही रोजची गाडी बंद झाली. जुन्या रुळांवर राहिला तो पातालपानी ते कालाकुंड हा साधारण साडेनऊ किलोमीटरचा तुकडा. त्यावर २०१८च्या डिसेंबरपासून पर्यटकांसाठी ‘हेरिटेज ट्रेन’ धावते.

या रुळांशी मराठी माणसाचं जुनं नातं आहे. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७०च्या सुमारास या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षांची. शिवाय संस्थानातली जमीन फुकट दिली.

खरी परीक्षा होती ती घाटाची. माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरायला चोरल नदीनं वाट दाखवली आणि रूळ तिच्या सोबतीनं निघाले. पातालपानीला नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते. रेल्वेला तशी उडी मारता येत नाही. ती बोगद्यांतून, वळणं घेत उतरते. चढण इतकी तीव्र, की चाळीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर येते. म्हणून वर येताना गाडीला मागून दुसरं इंजिन ढकलायचं.

पातालपानीजवळ टंट्या भिल्ल यांचं छोटं देऊळ आहे. १८८९ साली इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं. घाट उतरण्याआधी गाडी इथे थांबते. रेल्वेच्या हिशेबात हा थांबा ब्रेक तपासण्यासाठी. लोकांच्या मनात मात्र तो ‘टंट्या मामां’ना सलाम.

खाली कालाकुंड. इथला कलाकंद प्रसिद्ध. आजूबाजूच्या गाईम्हशींचं दूध आटवून केलेला, पळसाच्या पानात बांधून दिलेला. गाडी थांबली की विक्रेते खिडकीशी यायचे. म्हणजे डोंगरातल्या दुधाला बाजार मिळवून दिला तो या थांब्यानं.

हेरिटेज गाडीमुळे दरी, बोगदे, जुने पूल टिकले, हे चांगलंच झालं. पावसाळ्यात मोठ्या काचांच्या डब्यातून ते पाहताना मुलं हरखून जातात. पण सहलीची गाडी आणि रोजची गाडी यांत फरक आहे. सहलीची गाडी आपल्याला दरी दाखवते. रोजची गाडी दरीतल्या माणसाला शाळेत, दवाखान्यात, बाजारात पोचवायची. नवी ब्रॉडगेज हा तीव्र घाट टाळून दुसऱ्या वाटेनं जाणार आहे. लांबच्या प्रवाशांची त्यानं सोय होईल. कालाकुंडच्या लोकांची रोजची गाडी मात्र त्यानं परत येणार नाही.

त्यांच्यासाठी काय करता येईल? हेरिटेज गाडीत स्थानिकांना स्वस्त पास आणि काही जागा राखून ठेवता येतील. पावसाळ्यात रस्ता तुटणार नाही अशी बससेवा देता येईल. रूळ जपले, तशी त्यांच्या काठची माणसंही जपायला हवीत.

या पावसाळ्यात गेलात, तर कालाकुंडला उतरून पानातला कलाकंद जरूर घ्या. आणि विकणाऱ्या ताईंना विचारा, ‘आता बाजाराला कशा जाता?’