दात दुधात ठेवा, रुमालात नको

माझ्या भाच्याचा पुढचा दात आम्ही गमावला, आणि तो आमच्या हातात असताना गमावला.

गेल्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत क्रिकेट चाललं होतं. चेंडू नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडावर बसला आणि वरचा दात मुळासकट बाहेर आला. आपाने तो मातीतून शोधून काढला, नळाखाली घासून-घासून स्वच्छ धुतला आणि इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. तिच्या दृष्टीने तिने जपूनच ठेवला होता. तालुक्यातला दवाखाना बंद होता, दुसऱ्याचा फोन लागेना. जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत तीन तास झाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दात कशात आणला?" आपाने रुमाल पुढे केला. डॉक्टर काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "घरात दूध नव्हतं का?"

दूध होतं. शीरखुर्म्यासाठी आणलेल्या दुधाच्या दोन पिशव्या फ्रिजमध्ये तशाच पडून होत्या.

गाडीत परत येताना मी मोबाइलवर वाचत बसलो. दाताच्या मुळावर पेशींचा एक पातळ थर असतो. दात हाडाला धरून ठेवण्याचं काम तोच करतो. दात निखळला की या पेशी मुळाला चिकटून बाहेर येतात आणि हवेत सुकून मरू लागतात. घासून धुतलं तर आपणच त्या खरवडून टाकतो. पहिल्या पंधरा मिनिटांत दात जागेवर बसला तर त्या जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त. साठ मिनिटं कोरडा राहिला तर आशा जवळपास संपते. उशिरानेही डॉक्टर कधी कधी दात बसवतात, पण तो फार वर्षं टिकेल असं नसतं. या पेशींना दूध मानवतं. साधं पाणी मानवत नाही, तरी कोरड्या रुमालापेक्षा तेही बरं. मी बी.ई. झालेला माणूस, रोज लोकांच्या पैशांचे व्यवहार बिनचूक चालवणारा कोड लिहितो, आणि मला हे माहीत नव्हतं. आपाला दोष कसा देणार?

म्हणून ॲप करायला घेतलं. दोन दंतवैद्य मित्र, मी आणि आमचे रविवार. आंतरराष्ट्रीय दंत-आघात संघटनेचं 'टूथ एसओएस' नावाचं ॲप आधीपासून आहे आणि ते चांगलं आहे. पण ते दाताला मार लागला तर काय करायचं एवढ्यापुरतं. आपल्याकडे रात्री दोनला घर जागं होतं ते बहुतेकदा ठणक्याने किंवा सुजेने. शिवाय मला ते अम्मीला वापरता यायला हवं होतं.

पहिली आवृत्ती मी इंजिनिअरसारखी केली. आठ पर्याय, सुंदर चिन्हं, वर 'आपत्कालीन दंतसमस्या निवडा' अशी पाटी. शेजारच्या खालांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, समजा पोराचा दात पडला आहे. त्या पाटीकडे बघत राहिल्या. 'दंतसमस्या' हा शब्द त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. दाढ ठणकते, गाल सुजतो, दात हलतो, रक्त थांबत नाही. लोक असं बोलतात. आम्ही सगळे शब्द बदलले. पुढच्या पडद्यावर पेल्यात ठेवलेल्या दाताचं चित्र होतं. खाला म्हणाल्या, "पाण्यात ठेवायचा ना?" रेघांनी काढलेला दुधाचा पेला आणि पाण्याचा पेला दिसायला एकच, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नव्हतं. आता तिथे दुधाची पिशवी आहे, कोपरा कापलेली. आणखी एक. आम्ही लिहिलं होतं, 'दाताचा पांढरा भाग धरा.' खालांचा प्रश्न रास्त होता: दात सगळाच पांढरा असतो की! आता 'चावायचा भाग धरा, मुळाला बोट लावू नका' असं लिहिलं आहे, आणि ते ऐकूही येतं. घाबरलेला माणूस वाचत नाही. त्याच्या एका हातात रडणारं पोर असतं. आवाज मराठीत आहे आणि आमच्या घरी बोलतात त्या दख्खनी हिंदीतही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पहिल्या प्रश्नावरून. मला वाटत होतं, 'काय झालं?' असं विचारावं. दंतवैद्य मित्र म्हणाला, नाही, आधी जीव. म्हणून ॲप उघडलं की दातांबद्दल काही येतच नाही. मार लागल्यावर बेशुद्ध पडला होता का, उलट्या होतात का? श्वास घ्यायला किंवा थुंकी गिळायला त्रास होतो का? जबड्याखाली किंवा डोळ्याकडे सूज चढते आहे का, ताप आहे का, तोंड उघडत नाही का? यातलं एकही 'हो' असेल तर पडद्यावर फक्त 108 आणि 'दातांच्या दवाखान्यात नाही, मोठ्या रुग्णालयात जा' एवढंच उरतं.

यामागे कारण आहे. आमच्या ओळखीत एका यंत्रमाग कामगाराची खालची दाढ किडली होती. खाडा केला तर पगार जातो, म्हणून त्याने मेडिकलमधून दोन-दोन गोळ्या सुट्या आणल्या. त्यात अँटिबायोटिकही होतं, कोणी लिहून न दिलेलं. सूज आली तेव्हा घरच्यांनी गरम शेक दिला. चौथ्या दिवशी सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरली, जीभ वर उचलली गेली आणि त्याला अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. यात श्वासाची वाट बंद होते आणि माणूस दगावू शकतो. तो वाचला. दाढेच्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा बहुतेक वेळा उपयोगच नसतो, नस उघडून उपचार करावे लागतात किंवा दाढ काढावी लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2019 मध्ये याबद्दल स्पष्ट मार्गदर्शन केलं आहे. पण आपल्याकडे काउंटरवरची पट्टी जास्त विश्वासाची वाटते, कारण ती तीस-चाळीस रुपयांत मिळते आणि खाडा होत नाही. हा हिशेब ॲपने बदलत नाही, हे मी मान्य करतो.

बाकीचे सल्ले साधे आहेत. गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवा, शेक नको. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ आराम पडतो, पण ओतलं तर तेही भाजतं. दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर स्वच्छ कापडाची घडी वीस-तीस मिनिटं घट्ट चावून धरा, मधे मधे काढून बघू नका, चुळा भरू नका. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मनाने बंद करू नका. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही, खाली येणाऱ्या दाताला इजा होते. 'दुधाचा की कायमचा?' असं विचारून काही उपयोग नाही, आईबापांनाही सांगता येत नाही. आम्ही वय विचारतो. सहाच्या आत असेल तर बसवू नका. सहा ते बाराच्या मधे असेल आणि शंका असेल तर दुधात ठेवून दवाखाना गाठा.

रमजानमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. ठणका सहन करत लोक ईदपर्यंत थांबतात. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. सुजलेला गाल घेऊन महिना काढण्यात कसलं पुण्य आहे ते मला कळत नाही.

दोन गोष्टी आम्ही मुद्दाम केल्या नाहीत. एक, फोटो पाठवायची सोय. मित्रांना ती हवी होती, निदान सोपं झालं असतं. पण खालांच्या चाचणीत मी विचारलं, फोन कुणाचा? मुलाचा. दुसऱ्या घरी, नवऱ्याचा. त्या फोनमध्ये सुजलेल्या चेहऱ्याचा, मशेरीने काळ्या पडलेल्या दातांचा फोटो राहावा असं कोणत्या बाईला वाटेल? डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, पण घरातल्या घरात तो कसा लागू होणार? म्हणून नाव नाही, नंबर नाही, फोटो नाही, आणि इंटरनेटशिवायही चालतं. दुसरी गोष्ट, खासगी दवाखान्यांची यादी. एकाने पैसे देऊन आपलं नाव वर ठेवायला सांगितलं, तेव्हाच ती कल्पना सोडली. मुंबईतलं सेंट जॉर्जेसच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं एवढीच नावं आहेत. पण त्यांची ओपीडी दिवसा चालते. आमच्या तालुक्यात रात्री दोनला दाढ बघणारी सरकारी खुर्ची नाही. ती मागण्यासाठी ग्रामसभेत अर्ज द्यावा लागेल, लोकप्रतिनिधीच्या मागे लागावं लागेल, आणि आपल्यासारख्या शिकलेल्या पोरांना ॲप करण्यापेक्षा ते जास्त कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटतं. अर्ज मागच्या महिन्यात दिला आहे, पोच मिळाली आहे.

ॲप सध्या चाळीसेक घरांत आहे. भाच्याच्या शाळेतल्या बाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "वर्गात मोबाइल आणायला बंदी आहे, मला कागदावर द्या." एका पानावर पाच चित्रं छापून दिली. ते पान आता मैदानाकडे जाणाऱ्या दरवाजावर लावलं आहे. शाळेत दूध कुठे असतं, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, समोरच्या चहाच्या टपरीवर. त्या टपरीवाल्या चाचांनाही एक पान दिलं आहे. चाचांनी फक्त एवढंच विचारलं, दूध तापवलेलं चालेल का? थंड झालेलं चालेल, असं मित्राला विचारून त्यांना सांगितलं.