रंगाआडचा गंज

बडोद्याच्या आपल्या मराठी घरांतून ३० ऑक्टोबर २०२२ ची ती रविवारची सायंकाळ अद्याप कोणी विसरले नसेल. मोरबीचा झुलता पूल मच्छू नदीत कोसळला आणि १३५ जीव गेले. कित्येक महिने दुरुस्तीसाठी बंद असलेला तो पूल बेस्तू वरसच्या मुहूर्तावर, म्हणजे अवघे चार दिवस आधी, खुला झाला होता.

प्रथम आळ आला तो पूल हलविणाऱ्या पोरांवर. सहलीत असा पूल झुलवून पाहण्याची हौस आम्हांसही होती, हे कबूल केले पाहिजे. परंतु पुढे चौकशी पथकाने जे सांगितले ते वेगळेच होते. मुख्य दोराच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या असून त्या बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. उरलेल्या २७ त्या सायंकाळी तुटल्या. अशा दोरावर लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमची जमीन चढवून वजन वाढविले होते. दोरापासून खाली लोंबणारे जुने गज न बदलता त्यांनाच नवे तुकडे वेल्डिंगने जोडले होते. भाराची चाचणी झाली नव्हती, आणि तिकिटे देण्यास धरबंध नव्हता. पुलावर त्या वेळी सुमारे ३०० माणसे होती. पायाखालचे सारे नवे, डोक्यावरचे मात्र जुनेच!

माझे मत असे, की मुख्य दोर उघडून पाहिल्यावाचून केलेल्या कामास दुरुस्ती म्हणूच नये. झुलत्या पुलाचा सारा भार शेवटी त्या दोरावरच येतो. त्यातील एक तार तुटली की तिचा वाटा शेजारणींवर पडतो, आणि वरून काहीच दिसत नाही. रंग तर छान चकाकत असतो.

उघडून पाहणे अशक्य आहे काय? स्कॉटलंडमधील फोर्थ नदीवरचा रस्त्याचा पूल १९६४ साली सुरू झाला. चाळीस वर्षांनी तेथील अभियंत्यांनी दोरावरचे वेष्टन काढले, पाचरी ठोकून तारांचे जुडगे फाकविले आणि आतील तारा तपासल्या. दोराची ताकद सुमारे ८ ते १० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पूल तर उभाच होता, वाहने धावत होती! तरीही त्यांनी ती गोष्ट लपविली नाही. दोरावर हवाबंद आवरण चढवून आत कोरडी हवा खेळविली, कारण ओलाव्यावाचून गंज वाढत नाही. तार तुटल्याचा आवाज टिपणारी यंत्रेही बसविली.

गेलेली ताकद अशा हवेने परत येत नाही, हे खरे. म्हणून भार हलका करणे हाही उपचारच होय. तेथे शेजारी नवा पूल बांधून २०१७ साली अवजड वाहतूक तिकडे वळविली.

यास पैसा लागतो, पूल बंद ठेवावा लागतो आणि लोक कुरकुरतात. कुरकुरणाऱ्यांत आपणही असतो. सणाच्या दिवशी पुलास कुलूप दिसले, तर किती जण निमूटपणे माघारी फिरतील? मोरबीचे ते कुलूप आणखी काही महिने राहिले असते, तर दिवाळीची सुट्टी थोडी फिकी झाली असती, इतकेच.